बदकाच्या पायातला काळा दोरा

आंबिवलीला काळू नदीच्या अंगाला एक बैठी चाळ आहे. तिच्या शेवटच्या खोलीमागं शांताबाईचं खुराडं. चाळीत कुणाची कोंबडी खुडूक बसो, कुणाच्या पिल्लाची मान वाकडी होवो, माणसं आधी शांताबाईच्या दारात यायची. "शांताबाईच्या हातचं पिल्लू दगावत नाही," असं लोक म्हणत. शांताबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण पदर मात्र उगाचच नीट करायची.

तर अशा या शांताबाईनं यंदा कल्याणच्या बाजारातून बदकाची पिल्लं आणली. हळदीत बुडवून काढावीत अशी पिवळीजर्द. तिची सून पायल पाटीत डोकावून म्हणाली, "आई, आता बदकं कशाला? ह्यांचं काय करायचं आपल्याला माहितीये का?"

"त्यात काय माहिती पाहिजे? कोंबडी काय नि बदक काय, चोच ती चोच. चपटी आहे एवढंच."

शांताबाईनं त्यांना कोंबडीच्या पिल्लांचं तेच दुकानातलं खाद्य घातलं, जे ती आजवर घालत आली होती. वर मूठभर तांदळाची कणी. पाणी उथळ ताटलीत. खाली अंथरायला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स होता, तो धुऊन घातला. पिल्लं त्या हसऱ्या चेहऱ्यावर चटाचटा पाय आपटत, घसरत, पडत, पुन्हा उठत. सहा महिन्यांचा नातू सम्यक ते बघून खिदळायचा.

मागच्या भिंतीपलीकडं नंदा राहायची. गुहागरकडची. नवरा महिपत रिक्षा चालवायचा. नंदा सुकट आणून निवडायची नि पुड्या बांधून घरोघर विकायची. दुपारी मागच्या दारात सूप घेऊन बसली की तिची मोरी सुकटीच्या डोक्यांनी आणि चुऱ्यानं भरायची. खुराड्याच्या जाळीला खाली एक भोक होतं. त्यातून दोन पिल्लं, तीच ती दोन, रोज निसटून नंदाच्या मोरीवर जायची आणि पोट टम्म करून यायची.

"नंदे, माझी पोरं तुझ्याकडं जेवायला येतात गं!" शांताबाई भिंतीवरून ओरडायची.

"येऊ देत की मावशी. माझ्याकडं दुसरं कोण येतंय?"

ती हसत म्हणायची, पण त्यात जे होतं ते शांताबाईला कळत होतं. नंदाला मूल नव्हतं. लग्नाला वर्षं लोटली होती. तिच्या माहेरी नि सासरी तिला बारशाला बोलवत नसत. बोलावलं तरी पाळण्याजवळ येऊ देत नसत. सम्यकच्या नामकरणाला ती अशीच दारापाशी चपलांजवळ बसली होती. शांताबाईनं तिला हाताला धरून आत आणलं आणि नातू तिच्या मांडीवर दिला. भरल्या घरात म्हणाली, "आमच्यात असलं काही चालत नाही. बाबासाहेबांनी सगळं धुऊन टाकलंय." पायलच्या आईनं बाळाच्या गालाला काजळाचा टिळा लावला होता, तोही शांताबाईनं तिथल्या तिथं पदरानं पुसला होता. विहारात दर रविवारी बायकांपुढं दोन शब्द बोलायचा मानही शांताबाईचाच. अंधश्रद्धा हा तिचा हातखंडा विषय.

आणि मग एक पिल्लू बसलं.

आधी वाटलं, दमलं असेल. दुसऱ्या दिवशी ते उठेना. ढकललं तर सांध्यावर रांगायला लागलं, जसं काही पावलं त्याची नव्हतीच. मग दुसरं. मग तिसरं. पाय धनुकलीसारखे बाहेर वाकले, मधला सांधा फुगून वाटाण्याएवढा झाला. अंगानंही ती वाढेनात, नंदाकडं जाणारी दोन त्यांच्यापेक्षा थोराड दिसायला लागली. शांताबाईनं हळद-तेल चोळलं. विटेचा शेक दिला. ओव्याचं पाणी पाजलं. कोंबड्यांना गुण देणारं जे जे तिला ठाऊक होतं ते सगळं करून झालं. एक पिल्लू सकाळी थंडगार सापडलं.

शांताबाईच्या हातचं पिल्लू दगावलं. ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. दोष स्वतःचा असू शकतो हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते घाईघाईनं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं.

त्याच सकाळी नळावर हंड्यांची रांग होती. नंदा आली आणि सहज म्हणाली, "मावशी, बाकीची पिल्लं दिसली नाहीत काल. बरी आहेत ना?"

"बरी कशी असतील? तुझी नजर पडल्यावर?"

बायकांच्या माना वळल्या. नंदाला वाटलं थट्टा आहे. ती हसली. त्या हसण्यानं शांताबाई आणखीच भडकली.

"हसतेस काय? तुझ्याकडं जेवायला येतात ती दोन ठणठणीत, नि माझी बाकीची लोळागोळा! मला काय कळत नाही? जिची कूस रिकामी तिनं दुसऱ्याच्या पिलावळीकडं बघूच नये!"

कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता, पण तो सरकवायलाही कुणी हात पुढं केला नाही. नंदानं शांताबाईकडं एकदा पाहिलं. रागानं नाही. एखादं ओळखीचं घर शोधत यावं आणि तिथं भलतंच कुणी राहत असावं, तसं पाहिलं. मग अर्धी भरलेली कळशी तिथंच ठेवून ती घरी गेली.

संध्याकाळी पायल कामावरून आली ती तणतणतच.

"आई, शेजारच्या रखमाबाईंनी सांगितलं ते खरंय?"

"काय सांगितलं त्या भोंग्यानं?"

"नंदाताईला बोललात ते. आई, माझ्या आईसमोर सम्यकचा टिळा पुसलात तुम्ही. ती बिचारी तोंड पाडून गेली होती. आणि आता बदकांना नजर लागते?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांगा ना. मला पण शिकू दे."

शांताबाईनं भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

एकदा शब्द तोंडातून गेला की माणूस त्याच्यामागं फरफटत जातं. बोललं ते खोटं होतं म्हणायची लाज वाटते, म्हणून मग ते खरं करत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी सम्यक झोपलेला नि घरात दुसरं कुणी नसताना शांताबाईनं मीठ-मिरच्या पिल्लांवरून उतरवल्या आणि चुलखंडात टाकल्या. लहानपणी आजी म्हणायची, ठसका लागला नाही तर नजर जबर. मागचं दार सताड उघडं, नदीवरचा वारा भणाणत होता. ठसका लागणार कुठून? पण शांताबाईनं कपाळावर हात मारला, 'जबर आहे बाई!' मग तिनं काळा दोरा दातानं तोडून तोडून प्रत्येक पिल्लाच्या पायात बांधला. गळ्यातलं अशोकचक्राचं पदक वाकल्यावर पुढं लोंबत होतं आणि दर वेळी पिल्लाच्या डोक्याला लागत होतं. तिनं ते झंपरात खोचलं.

पायल आल्या आल्या नाक ओढून म्हणाली, "मिरच्या कुणी जाळल्या?"

"फोडणी करपली."

शेवटी शांताबाईनं जाळीचं भोक विटा लावून बुजवलं आणि जाळीवर गोधडी घातली, म्हणजे भिंतीपलीकडून कुणाला काही दिसायलाच नको. पिल्लांना ऊन गेलं, हिरवा पाला गेला, मोरीही गेली. उरलं ते खाद्य, कणी आणि घसरडा फ्लेक्स.

आठवडा गेला नसेल. ती दोन ठणठणीत पिल्लंही बसली.

"बघ," शांताबाई पायलला म्हणाली, "चिडली ना. आणखी लावली."

पायलनं सासूकडं बघितलं. मग मोबाईल काढला. ठाण्याला कोपरीत पक्ष्यांवर इलाज करणारी एक डॉक्टरीण होती. पायलनं उद्याची वेळ घेतली आणि सांगितलं, "मी रजा टाकलीये. सम्यकला त्याचे बाबा बघतील. तुम्ही येणार आहात. पाटी तुमच्या मांडीवर."

गाडीत शेजारची बाई म्हणाली, "काय आहे हो? चिवचिव येतेय." शांताबाईनं पाटीवरची गोधडी आणखी घट्ट धरली. "काही नाही. असंच."

डॉक्टर संचिता पायलच्याच वयाची होती. शांताबाईच्या गळ्यातलं पदक पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "जयभीम आजी. बसा. दाखवा तुमची फौज."

शांताबाई सुखावली. गोधडी निघाली. डॉक्टरनं एक पिल्लू अलगद उचललं, पाय बोटांत धरून लांब केला आणि थांबली. फुगलेल्या सांध्याखाली काळा दोरा मांसात रुतला होता.

"हे काय, आजी?"

"ते... ओळखायला. कुठलं कुठलं ते."

डॉक्टरनं दुसरं उचललं. मग तिसरं. "सगळ्यांनाच बांधलाय की."

पायल भिंतीवरच्या पोपटाच्या चित्राकडं बघत होती. आयुष्यात पोपट पाहिला नसावा इतक्या बारकाईनं. डॉक्टरनं बारीक कात्री घेतली आणि एकेक दोरा कापून कापसाच्या बोळ्यावर ठेवत गेली. कात्रीचा कट कट आवाज तेवढा होत होता. त्या मुलीनं चार शब्द सुनावले असते तर शांताबाईला सोसलं असतं.

"खायला काय घालता?"

शांताबाईनं सांगितलं.

"तिथंच गोम आहे. आजी, हे खाद्य वाईट नाही, पण ते कोंबडीच्या पिल्लाचं आहे. नायसिन म्हणून एक जीवनसत्त्व असतं, बी गटातलं. कोंबडीच्या पिल्लाचं ह्या खाद्यावर भागतं. बदकाच्या पिल्लाला ते त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. नाही मिळालं की पाय असे धनुष्य होतात, सांधे फुगतात, पिल्लू बसूनच राहतं, वाढत नाही. वर कणी घातली की पोट भरतं, मग जे थोडं मिळायचं तेही कमी होतं."

"म्हणजे पोटभर खाऊन उपाशी?"

"तसंच. सगळी एकदम बसली का?"

"दोन बरी होती," पायल म्हणाली. "आताआतापर्यंत."

"ती वेगळं काय खायची?"

पायलनं सासूकडं बघितलं. तिनंच बोलावं म्हणून बघितलं. शांताबाई कापसावरच्या दोऱ्यांकडं बघत होती.

"सुकट," शांताबाई म्हणाली. "शेजारणीच्या मोरीवरची."

"मग बरोबर! मासळीत नायसिन भरपूर. त्या बाईंनी वाचवली म्हणा ती दोन. मग आता का बसली?"

"मी भोक बुजवलं," शांताबाई म्हणाली. "त्यांनी तिकडं जाऊ नये म्हणून."

"का?"

शांताबाई पाटीतलं एक पिल्लू उगाचच नीट बसवू लागली. डॉक्टरनंच विषय बदलला. पाण्यातून द्यायचं औषध दिलं, रोज ताजं पाणी, शिळं नको. खाद्यात यीस्टची पूड मिसळा. मटार उकडून, कुस्करून घाला. पालेभाजी बारीक चिरून. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल, पण पिल्लू भिजून गारठणार नाही असं. फ्लेक्स काढून गोणपाट, म्हणजे पाय धरायला जागा मिळेल. आणि सकाळचं कोवळं ऊन. मग तिनं एक पिल्लू वेगळं धरलं. "ह्याच्या सांध्यावरची नस सरकलीये. हे जगेल, पण लंगडंच राहील. उशीर झाला. बाकीची उठतील बघा."

परतताना गोधडी पाटीवर घालायचं शांताबाईच्या जिवावर आलं. ती तिनं घडी करून पाटीखाली घेतली. कुणीतरी वाकून पाहिलं, कुणीतरी "बदकं!" म्हणालं. कल्याण गेल्यावर पायल म्हणाली, "आई, नंदाताईला..."

"कळतंय मला."

"कधी?"

"कळतंय म्हणलं ना गं."

पण कळणं वेगळं आणि जाणं वेगळं. शांताबाई पिल्लांत गुंतली. गोणपाट घातलं, मटार कुस्करले, पाणी बदललं. दोन दिवसांत मोरीवर जाणारी ती दोन उभी राहिली. मग तिसरं डगमगत उठलं, पडलं, पुन्हा उठलं. पायल टाळ्या वाजवत होती. आणि शांताबाईच्या मनात एक विचार आला, की न उठती तर बरं झालं असतं. न उठती तर नजर म्हणता आली असती. उठणारं प्रत्येक पिल्लू तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उठत होतं. मुक्या जिवाच्या उठण्याचं वाईट वाटावं, इतकं आपलं मन किडलं? गावात आईची सावली पडली म्हणून पाटलाच्या घरच्यांनी दुधाचा हंडा ओतून दिला होता आणि लोकांसमोर आईला काय काय बोलले होते, ते शांताबाईला शब्दान् शब्द पाठ होतं. नळावर आपल्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याच घरातला होता.

त्याच दुपारी ती भिंतीपाशी गेली. पलीकडं सुपाचा आवाज येत होता.

"नंदे."

सूप थांबलं.

"नंदे, अगं, डॉक्टरकडं गेलेलो आम्ही. खाद्याचं होतं ते. जीवनसत्त्व कमी पडलेलं. माझं त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. तू काही मनावर घेऊ नको."

मग नंदाचा आवाज आला, भिंतीआडूनच.

"नळावर बोललात ना मावशी? मग नळावर बोला. भिंतीमागून काय?"

"अगं, चार बायकांत..."

"चार बायकांतच बोललात." तिचा आवाज चढला नाही. "सासू बोलायची, जाऊ बोलायची. त्यांचं मी सोडून दिलंय. पण तुमच्या घरात पोर माझ्या मांडीवर दिलेलं तुम्ही. मी त्या दिवशी घरी येऊन रडलेली, आनंदानं. म्हणून सांगते, नळावर बोला."

सूप पुन्हा वाजायला लागलं.

सकाळी पाणी आलं तेव्हा शांताबाई कळशी न घेताच नळावर जाऊन उभी राहिली. रखमाबाई म्हणाली, "काय गं, पाणी काय पदरात नेणार?"

"मला बोलायचंय."

"आज रविवार नाही, शांते."

बायका हसल्या. नंदा रांगेत शेवटी होती, खाली बघत. शांताबाईनं विहारात इतकी वर्षं भाषणं केली होती. आता तिला सुरुवात सापडेना.

"मी नंदाला बोलले, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "नजर-बिजर काही नव्हतं. बदकाला कोंबडीचं खाद्य घातलं मी. माझ्या हातानं पिल्लांचे पाय मोडले. नंदाच्या मोरीवरची सुकट खात होती तीच तेवढी बरी होती. ते भोकही मी बुजवलं, मग तीही बसली. एक मेलं, एक जन्माचं लंगडं झालं. ते माझ्यामुळं. आणि तिच्या कुशीवरून बोलले ते... ते माझ्या तोंडात यायला नको होतं. माझ्या तर नकोच होतं. मी चुकले गं नंदे."

मग रखमाबाई म्हणाली, "आणि ते काळे दोरे? माझ्या नातीनं पाहिलेले. मी म्हणलं, छ्या, शांता कशाला बांधेल!"

"मीच बांधले."

"अगं बाई! आणि आम्हाला विहारात...!"

"हो. तेही ऐकून घे. मिरच्याही जाळल्या. ह्या रविवारी विहारात दुसरं कुणीतरी बोलेल."

कुणी खुदकन हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. पायल खोलीच्या दारात सम्यकला कडेवर घेऊन उभी होती. ती हसली नाही. शांताबाईला वाटलं, नंदा काहीतरी म्हणेल. शिवी दिली तरी चालेल. नंदानं कळशी पुढं सरकवली.

"सरका मावशी. पाणी जाईल."

एवढंच. शांताबाई सरकली.

दुपारी ती खुराड्यापाशी बसून विटा काढत होती. भोक मोकळं झालं, पण पिल्लं लगेच काही गेली नाहीत. वाट विसरली असावीत. इतक्यात बाजूनं पावलं वाजली. नंदा सूप कमरेवर घेऊन, भिंतीला वळसा घालून अंगणात आली होती. तिनं सूप गोणपाटाशेजारी ठेवलं आणि समोरच मांडी घालून बसली.

"बघू ना?" ती म्हणाली. "की गोधडी घालताय?"

शांताबाईनं 'बघ' म्हणून मान हलवली.

पिल्लं सुपाच्या वासानं धावली. थोराड दोन सगळ्यांत पुढं, बाकीची डगमगत मागं. लंगडं एका अंगावर झुकत, पंखांचे खुंट हलवत सगळ्यांत शेवटी पोचलं. नंदानं त्याच्यासाठी चिमूटभर चुरा तळहातावर घेतला आणि हात जमिनीला टेकवला.

"नजर लागली तर सांगा हां," ती म्हणाली.

टोमणाच होता तो. पण ती उठून गेली नाही. पोटभर, निवांत, एकेका पिल्लाकडं बघत राहिली. शांताबाई विटांची माती नखानं काढत होती. नंदा समोरच होती, हाताच्या अंतरावर. पण तिच्या तोंडाकडं बघायची शांताबाईची हिंमत होईना.